बाबांचे हजार चंद्र आणि माझ्या माश्या

२००५च्या सुमारास नेदरलँड्समधल्या नायमेखनला माझी पीएचडी चालली होती, फळमाश्यांच्या म्हातारपणावर. पिढ्यान्‌पिढ्या फक्त म्हाताऱ्या माद्यांची अंडी ठेवायची, तरुणींची फेकून द्यायची. असं केलं की माश्यांचं आयुष्य वाढत जातं. एरवी पिल्लं झाली की आईबापांचं शरीर सांभाळण्यात निसर्गाला फारसा रस उरत नाही. पिल्लंच उशिरा होणार असतील, तर तोवर त्यालाही शरीर धड ठेवावं लागतं.

पुण्याला फोन करून हे मी बाबांना समजावलं होतं. मी त्यांचं शेंडेफळ, पन्नाशीनंतरचं. ते म्हणाले, म्हणजे तुझ्यामुळेच मी अजून टिकलोय! हसता हसता त्यांना धाप लागली. त्यांचं हृदय दमलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सहस्रचंद्रदर्शनाचा मुहूर्त फेब्रुवारीत निघाला आणि मी तिकीट काढून टाकलं. साध्या माश्या किती जगतात तेवढं धरून हिशेब केला होता. साध्या वेळेवर मेल्या. माझ्या, म्हाताऱ्या माद्यांच्या वंशातल्या, मात्र तुरुतुरु काचेची नळी चढत होत्या.

शेवटची माशी मरेपर्यंत प्रयोग संपत नाही. दिवसाआड अन्न बदलायचं, मेलेल्या वेचून नोंदवायच्या. लॅबमधली सोबतीण बाळंतपणाच्या रजेवर होती. दुसऱ्या नवख्या हाताने माश्या दुखावल्या तर सगळे आकडे वाया जातील, असं प्रोफेसर शांतपणे म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच संताप आला. वर माश्या इतक्या जगल्या म्हणून सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. इथे ज्याचं यश त्यानेच केक आणायचा असतो, तोही मी आणला. तिकीट रद्द केलं त्याच दिवशी.

कार्यक्रमाच्या दिवशी लॅबच्या कॉरिडॉरमधून फोन लावला. मागे भटजींचा आवाज, भांड्यांचा आवाज. एकेक जण पाया पडत होता आणि बाबा प्रत्येकाला ‘शतायुषी हो’ म्हणत होते. मग दादाने फोन त्यांच्या कानाला लावला. मी म्हटलं, बाबा, इथूनच नमस्कार करते. भिंतीकडे तोंड करून खरंच वाकले.

‘‘तुला काय आशीर्वाद देऊ?’’ बाबा म्हणाले. ‘‘दीर्घायुष्य म्हटलं, तर तुझ्या माश्या ऐकतील.’’

मी हसले. ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, ‘‘त्यांना सांग, मला फार थांबता येणार नाही.’’

मी माश्यांच्या उबदार खोलीत गेले. मला त्यांचा मनापासून राग आला होता. एका नळीतलं अन्न पातळ झालं होतं, दोघी-तिघींचे पंख त्यात चिकटले होते. तशीच ठेवली असती तर दोन दिवसांत नळी रिकामी झाली असती. कुणी काही विचारलं नसतं.

बराच वेळ ती नळी हातात धरून उभी राहिले. मग ब्रशने त्यांचे पंख सोडवले आणि सगळ्यांना ताज्या अन्नावर झटकलं.

एकही मेली नव्हती.