कांडीचा हात

सरगुंडे दुकानात मिळतात, हे मला मान्य नाही. म्हणजे मिळतात, वाळवलेले, पिशवीत भरलेले. पण त्यांना सरगुंडे म्हणायचं तर फोटोतल्या आंब्याचाही रस काढता यायला हवा. खरा सरगुंडा असा: कणकेचा बारीक दोरा ओढायचा, तो बांबूच्या काडीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा, चाळणीत वाफवायचा आणि काडी हलकेच फिरवून काढून घ्यायची. मागे पोकळ सरगुंडा उरतो. ताटात त्यावर आमरस आणि तुपाची धार पडली की वेढ्यावेढ्यात रस जाऊन बसतो. हातचा सरगुंडा मऊ असतो, तरी त्याचा वेढा मोडत नाही. निदान माझा मोडत नाही. ही बढाई नाही, माहिती आहे.

ही विद्या मी साठीच्या उंबरठ्यावर मिळवली. लेकीचं लग्न हिवाळ्यात झालं आणि उन्हाळ्यात व्याह्यांना पहिल्यांदा रसाळीला, म्हणजे आमरसाच्या जेवणाला बोलवायचं ठरलं. ते नागपुरातलेच, पण पश्चिमेकडचे, आणि आम्ही पूर्वेकडचे. नकाशावर हे एकच शहर आहे. व्याही कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले, विहीणबाई गाणं शिकवतात. बायकोने लग्नातच त्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे सरगुंडे घरीच होतात. आणि रसाळी तोंडावर आलेली असताना ती गच्चीवर पाय घसरून पडली. धंतोलीतल्या दवाखान्यातून परत आली ती उजव्या हाताला प्लास्टर घेऊनच.

"आता विकतचे आणा," ती म्हणाली. "कोणाले समजते?"

"मले समजते. मी करतो."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चहापलीकडे माझी मजल कधी गेली नव्हती. पण दुसरा इलाज नव्हता. "करा मंग," ती म्हणाली, "पण एक सांगून ठेवते. त्यांच्यासमोर मागाचं काही काढायचं नाही."

"काहून वं? चोरी केली काय आपण?"

"मी म्हणून राहिली म्हणून."

माग म्हणजे हातमाग. आम्ही विणकर. माझ्या घरी लुगडी विणली जायची, तिच्या माहेरीही. पुढे माग उठले, मी सरकारी नोकरीत लागलो आणि बायकोने तो विषयच घरातून काढून टाकला. लेकीला लहानपणापासून सांगितलं, आजोबांचा कापडाचा धंदा होता. हे ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि त्याही भिवापूरच्या. बापाने जन्मभर मागावर धोटा फेकला आणि नातीला सांगायचं कापडाचा धंदा! मला वाटायचं, बाईला नसता मोठेपणा हवा आहे. पण तुटक्या हाताच्या माणसाशी भांडण शोभत नाही. मी कबूल झालो.

पहिला घाणा फसला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. पंख्याखाली कणकेला पापुद्रा धरत होता आणि पंखा बंद केला तर मीच वाफवून निघत होतो. दोरा कुठे बोटाएवढा जाड, कुठे तुटलेला. बायको खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. कणीक ओल्या फडक्याखाली ठेवा. तेलाचा हात लावा. दाबू नका, ओढा. वाफवल्यावर काडी काढायला गेलो तर सरगुंडा काडीसकट माझ्याकडे बघत बसला. घट्ट गुंडाळला होता. पुढचा सैल गुंडाळला, तो चाळणीतच उलगडला.

सैल आणि घट्ट. हे मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. आणि मग एकदम आईच आठवली. शाळेत जायच्या आधी ती मला चरख्यावर कांड्या भरायला बसवायची. कांडी म्हणजे सुताची छोटी नळी. ती धोट्यात घालायची आणि धोटा मागावर इकडून तिकडे फेकायचा. कांडी सैल भरली तर सूत गुंततं, घट्ट भरली तर तुटतं. आई ओरडायची, "सुताशी भांडू नको बाप्पा, त्याले येऊ दे." मी काडी हातात घेतली, डोळे मिटले आणि कणकेला येऊ दिलं. डावा हात काडी फिरवतो आणि उजवा नुसता वाट दाखवतो. बोटांना सगळं पाठ होतं. वेढ्याला वेढा लागत गेला.

चाळणी उतरवली, काडी फिरवली, सरगुंडा अलगद सुटला. बायकोने तो डाव्या हाताने उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला आणि पुढची काडी माझ्याकडे सरकवली. नाव ठेवायला जागा सापडली नाही की ती असंच करते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

रसाळीच्या दिवशी मी पहाटेपासून कणकेत होतो. गावरानी आंबे पाण्यात टाकले, हाताने पिळले, मिक्सरला शिवू दिलं नाही. व्याही, विहीणबाई, जावई आणि लेक जेवायला बसले. बायको बसली नाही. पाहुण्यांसमोर डाव्या हाताने कसं खायचं, म्हणून ती बाजूच्या खुर्चीवरूनच आग्रह करत होती.

विहीणबाईंनी सरगुंडा बोटांत धरून निरखला. "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. इतका वेळ याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

"तुम्ही? इतके एकसारखे? कुठे शिकलात?"

उत्तर अगदी ओठांवर होतं. बायकोकडे पाहिलं आणि ते गिळलं. "असंच," म्हणालो. आयुष्यात इतकं बेचव वाक्य मी बोललो नव्हतो.

"असंच नाही," बायको म्हणाली. "कांड्या भरल्या त्यांनी लहानपणी. विणकराचं घर आहे आमचं. माझ्या माहेरीही माग होते."

लेकीचा घास हातातच राहिला. बायको विहीणबाईंशी बोलत होती, पण पाहत होती लेकीकडे. "शाळेत पोरी माझ्या बाजूले बसत नव्हत्या. अंगाले खळीचा वास येते म्हणे. तवापासून मी कोणाले सांगितलंच नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. मी तिला मोठेपणाची हौस समजत होतो.

"खळ म्हणजे?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"सुताले लावतात, बळ यावं म्हणून. पिठाचीच असते." ती थांबली. "पीठच ते."

लेक उठली. ताट घेऊन आईच्या खुर्चीशी गेली, स्टूल ओढून अगदी तिला चिकटून बसली आणि तिला भरवू लागली. "अजून सांग," म्हणाली. बायको सांगू लागली. दोन घासांच्या मधे माग आला, धोटा आला, तिच्या आईची बोटं आली. व्याही जेवायचे थांबून ऐकत होते. मी रसाचं पातेलं घेऊन मधेच उभा होतो. माझ्या सरगुंड्यांचा मला मोठा अभिमान आहे, पण त्या दुपारी माझ्या बायकोचा जो वाटला, तेवढा नाही.