सरांचं म्हणणं

सरांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी त्यांच्या कंपनीत हिशेब सांभाळत होते. मैलापुरात, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्यांची इमारत आहे. शाळांच्या प्रयोगशाळांना लागणारं सामान आम्ही विकायचो: परीक्षानळ्या, चंचुपात्रं, भिंगं, लोहचुंबक. काचकाम तळमजल्यावर, त्यावर ऑफिस आणि सगळ्यात वर सरांचं घर. मी आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. वडील तिथल्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर ते आणि आई साताऱ्याला परतले, मी नोकरीसाठी इथेच राहिले. वडील गेल्यावर आई भावाकडे राहू लागली. माझं लग्न जमवायचे दोन-तीन प्रयत्न झाले, मग तो विषय आपोआप बंद पडला. वेलचेरीत भाड्याची खोली, तिथून ट्रेनने मैलापूर, संध्याकाळी परत. मला त्याची सवय झाली होती.

सर तंजावरकडचे मराठी. त्यांच्या बायको तमिळ होत्या, त्यामुळे घरात तमिळच. बायको गेल्या, मुलगी परदेशात. त्यांच्याशी मराठी बोलणारी एक मोठी बहीण होती, तीही गेली. ऑफिसात आजूबाजूला कुणी नसलं की ते माझ्याशी एखादं वाक्य त्यांच्या मराठीत बोलायचे. "जेवण जालें का गो?" असं विचारायचे. मी "झालं" म्हणायचे. आमचं मराठी बोलणं इतकंच.

झटका आल्यानंतर आम्ही ऑफिसातले चौघं-पाच जण त्यांना बघायला दवाखान्यात गेलो. मुलगी विमानाने आली होती. माझ्याच वयाची असेल, केस विस्कटलेले, आदल्या दिवशीचेच कपडे अंगावर. ती तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा सारखं काहीतरी बोलतायत, पण ते बरळणं आहे. मी काही विचारलं तर नुसते बघत राहतात."

सरांनी आमच्याकडे नजर फिरवली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द ओले आणि तुटके. "ऊन... डोळ्यांत... पडदा ओढ."

मी जाऊन पडदा ओढला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. सरांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की अशा आजारात कधी कधी मागाहून शिकलेल्या भाषा जातात आणि लहानपणची तेवढी थोडी उरते. तमिळ गेली होती, इंग्रजी गेली होती. दुसऱ्यांचं बोलणंही त्यांना त्या भाषांमध्ये अर्धवटच कळायचं. उरलं होतं ते त्यांच्या आईचं मराठी, तेही मोडकं. त्या इमारतीत ते समजणारी मी एकटी होते.

घरी आल्यावर ते चाकाच्या खुर्चीतून रोज खाली ऑफिसात येऊ लागले. माझी खुर्ची त्यांच्या केबिनमध्ये गेली. हिशेबाचं काम एका नव्या मुलीला दिलं. कुणाला काही विचारायचं असलं की तो तमिळमध्ये मला सांगायचा, मी मराठीत सरांना विचारायचे, सर दोन-चार शब्द बोलायचे, आणि त्या शब्दांचं वाक्य करून मी परत द्यायचे. दुपारी वर जाऊन त्यांना काय खायचंय, कुठे दुखतंय हेही मीच विचारायचे. सरांची मुलगी परत गेली नव्हती; ती शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असायची.

मला ते आवडलं. इतक्या वर्षांत कुणी माझी अशी वाट बघितली नव्हती. मी सकाळी केबिनचं दार उघडलं की सरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसायचा. "तुम्ही नसता तर काय झालं असतं," असं जो तो म्हणायचा. मला ते दरवेळी नव्याने ऐकावंसं वाटायचं.

मात्र ज्या बायकांबरोबर मी डबा खायचे, त्या मी आले की बोलता बोलता थांबायला लागल्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या दृष्टीने मी आता सरांचा कान होते आणि सरांचं तोंडही. माझ्यासमोर ऑफिसबद्दल काही बोलायची सोय राहिली नव्हती. मग मी केबिनमध्येच जेवू लागले. सरांना भरवून झालं की मी माझा डबा उघडायचे. ते माझ्याकडे बघत बसायचे, कधी डुलकी घ्यायचे.

पावसाळ्यात वेलचेरीत पाणी भरलं, तेव्हा मुलीने मला न्यायला गाडी पाठवली. गुडघाभर पाण्यातून मी गाडीपर्यंत गेले. आमच्या इमारतीतले सगळे त्या दिवशी घरीच होते. वरच्या गॅलरीतून एक बाई तमिळमध्ये ओरडून म्हणाली, "आजसुद्धा जाताय?" मला त्यात कौतुक ऐकू आलं. ते कौतुक नसावं, असं आता वाटतं.

मग साताऱ्याहून भावाचा फोन आला. आई न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करायचं होतं. मी निघाले. निघताना सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझी ओढणी धरली. "कधी येशील?" मी म्हटलं, "आईचं बघून येते." त्यांनी ओढणी सोडली, पण वेळ लागला.

ऑपरेशन नीट झालं. आईजवळ बसले होते तेव्हा मुलीचा व्हिडिओ कॉल आला. अप्पा सकाळपासून काही खात नव्हते, रागावले होते, का ते कुणाला कळत नव्हतं. मी कॉरिडॉरमध्ये जायला उठले, पण नेटवर्क फक्त आईच्या खाटेपाशी येत होतं. तिथेच बसून मी सरांशी बोलले. त्यांना नवीन नर्सच्या हातचं खायचं नव्हतं. मी त्यांना समजावलं, दोन घास घ्या म्हटलं, लहान मुलाला म्हणावं तसं. ते "सेरि, सेरि" म्हणाले, म्हणजे बरं, बरं. तमिळचे तेवढे चार-दोन शब्द त्यांच्या मराठीत लहानपणापासूनच होते.

फोन ठेवला तेव्हा आई जागी होती.

"कोण गं हे?"

"आमचे सर. त्यांना मराठीच येतं आता. तिथे कुणाला कळत नाही."

"मुलगी आहे ना त्यांना?"

"आहे."

आई छताकडे बघत म्हणाली, "मलाही आहे म्हणायची." आणि पाणी मागितलं. मी पाणी पाजलं. ठरवल्यापेक्षा लवकरचं तिकीट काढून मी परत आले. भाऊ स्टेशनवर सोडायला आला, पण गाडी सुटेपर्यंत थांबला नाही.

परत आल्यावर ते काचकामाचं प्रकरण झालं. तळमजल्यावर एक वयस्कर कारागीर होते, सरांच्या तरुणपणापासूनचे. नळ्या आता बाहेरून स्वस्त मिळतात, म्हणून मॅनेजर त्यांना कमी करणार होते. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तो राहील. मी आहे तोवर राहील." शब्द तुटक होते, पण अर्थ स्पष्ट होता. मी तसंच सांगितलं.

मॅनेजर शांत माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "हे सरांचं म्हणणं आहे की तुमचं?"

"सरांचं."

"आम्हाला कसं कळणार?"

मी मुलीकडे बघितलं. ती वडिलांजवळ वाकली आणि तमिळमध्ये, सावकाश, हाताने खाली दाखवत विचारलं, "अप्पा, त्यांना ठेवायचं?" सरांनी मान हलवली. मॅनेजरनी पुढे होऊन तसंच विचारलं, "की जाऊ द्यायचं?" सरांनी पुन्हा तशीच मान हलवली. ते थकले होते, संध्याकाळ झाली होती, आणि तमिळ प्रश्नाला ते हल्ली होच म्हणायचे, म्हणजे माणसं लवकर निघून जायची.

मी खरं सांगत होते आणि ते खरं आहे म्हणून सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. इतके दिवस माझ्यासारखी मी एकटीच, हे माझं बळ वाटत होतं. त्या संध्याकाळी मला कळलं, की एकट्या माणसाला साक्षीदार नसतो.

कारागीर त्या महिन्यात गेले. जाताना ते वर आले, सरांच्या पाया पडले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं असेल, निरोप मीच नीट पोचवला नाही.

थोड्या दिवसांनी मुलगी मला म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"अप्पांची भाषा. मला तुमच्यावर संशय नाही." मग तिने वाक्य बदललं. "आहे, थोडा. पण त्या कारणासाठी नाही. माझे वडील आहेत ते, आणि मी त्यांना तुमच्या तोंडून ऐकते."

तिला नाही म्हणता आलं असतं. वेळ नाही म्हणता आलं असतं. पण साताऱ्यातली ती खाट माझ्या डोळ्यांसमोर होती. मी हो म्हटलं.

ऑफिस सुटलं की आम्ही सरांच्या खोलीत बसायचो. मी एक एक शब्द सांगायचे, ती तमिळ लिपीत लिहून घ्यायची. मी शिकवत होते ते साताऱ्याचं मराठी. सर मध्येच हात हलवून "तसें न्हवे" म्हणायचे आणि त्यांचा शब्द सांगायचे. मग ती माझा शब्द खोडायची आणि त्यांचा लिहायची. तिचे उच्चार इतके तमिळ होते की पहिल्यांदा सर हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच. ती रागावण्याऐवजी पुन्हा पुन्हा तसंच म्हणत राहिली, त्यांना हसवायला.

हळूहळू मला बोलावणं कमी झालं. एकदा मी केबिनबाहेर फाइल घेऊन उभी होते. आत ती दोघं काहीतरी बोलत होती, अडखळत, थांबत, कुठल्या तरी नदीवरच्या पोहण्याबद्दल. मी फाइल शिपायाकडे दिली आणि परत आले. पण परत येऊन बसायचं कुठे, ते कळेना. हिशेबाची खुर्ची त्या नव्या मुलीची होती आणि ती काम चांगलं करत होती. मला खिडकीजवळ टेबल दिलं. पगार तोच, मान तोच, काम नाही. डब्याच्या वेळी बायकांनी सरकून जागा केली. त्यांच्या गप्पांमधली माणसं, भांडणं, मुलांच्या परीक्षा, यातलं मला काही माहीत नव्हतं.

कारागिरांचं सरांच्या मुलीने पुढे स्वतः विचारलं. सरांनी तेच उत्तर दिलं. तिने मला हे जिन्यात, जाता जाता सांगितलं. तिने कारागिरांच्या गावी निरोप पाठवला होता, पण ते आता यायला तयार नव्हते.

मी नोकरी सोडली. मुलीने थांबा म्हटलं, मनापासून म्हटलं, पण कशासाठी ते तिला सांगता आलं नाही. वेलचेरीतच एका दातांच्या दवाखान्यात हिशेबाचं काम मिळालं. तिथे मला सगळे तमिळच समजतात. मी रजा घेते तेव्हा दुसरी बाई माझं काम करते. पहिल्या रजेत साताऱ्याला गेले. आई आता काठी घेऊन चालते. तिला माझ्या वहिनीची सवय झालीय. ती हाक मारते तेव्हा तिच्या तोंडात वहिनीचंच नाव येतं, मग ते बदलून ती माझं घेते. मी तिच्या पायांना तेल लावून दिलं. "राहा की अजून," ती म्हणाली. मी राहिलेही.

मागच्या महिन्यात एका रविवारी मैलापूरला गेले होते. सरांना बघितलं नव्हतं बरेच दिवस. मुलीने दार उघडलं, कॉफी आणली. सर बारीक झाले होते, पण खुर्चीत ताठ बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी लगेच ओळखलं आणि काहीतरी म्हणाले. मला ते कळलं नाही. मी वाकून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. मराठी होतं, तमिळही होती, आणि काही शब्द त्या दोघांनी एकमेकांसाठी तयार केलेले असावेत. मी मुलीकडे बघितलं.

"तुमची आई कशी आहे, विचारतायत," ती म्हणाली.

"बरी आहे," मी म्हटलं. "चालते आता."

तिने वाकून ते त्यांच्या कानात सांगितलं. सरांनी मान हलवली, आणि या वेळी ते काय ऐकून मान हलवतायत, ते त्यांना नीट कळलेलं होतं. मी कॉफी संपवली.