प्रयोगशाळेतला चार वाजताचा पाऊस

भूगोल विभागातले किस्से वर्षानुवर्षं साठत जातात, आणि साठता साठता एकमेकांत मिसळतातही. सांगताना मला सारखी शंका येते, हे नक्की असंच घडलं होतं ना? आता निवृत्त होऊन लातुरातच राहतो. तेव्हाचं कुणी विचारायला जवळ नाही. तरी सांगतो.

*

वर्गात सांगत होतो, "विषुववृत्तावर वर्षभर उकाडा, वर्षभर ओल. सकाळी ऊन, दुपारी ढग, बहुतेक दिवशी चारच्या सुमारास धो धो पाऊस. उन्हाळा-हिवाळा असं काही नाहीच."

जळकोटचा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, मग तिथं बोर मारणारे काय करतेत?"



*

एका उन्हाळ्यात तपासणी समिती येणार होती. तासिकेवर शिकवणारे कांबळे म्हणाले, "सर, नुसते तक्ते काय दाखवायचे? हवामानच दाखवू!" कायम होण्याची त्यांची ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं.

प्रयोगशाळेला आतून प्लॅस्टिक लावलं. केळी, अळू, मनीप्लँटच्या कुंड्या मांडल्या. पावसासाठी कांबळ्यांनी आपल्या गावाहून, चाकूरहून, पाठीवरचा फवारणीपंप आणला. गावात नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि आमच्याकडे रोज चार वाजता पाऊस!

शिपाई महादूमामा म्हणाले, "सर, गल्लीत कळालं तर बाया घागरी घिऊन येतेल बगा!"

*

मधे तीन दिवस सुट्टी आली. "दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर ओल जाईल," मी बजावलं. समितीच्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी धग आली; पानं करपलेली, केळीनं मान टाकलेली. दुसरी झाडं आणायला वेळच नव्हता.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "हे काय?"

कांबळे शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा जंगलतोडीनंतरचा भाग!"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

*

संध्याकाळी प्राचार्यांनी विचारलं, "कांबळ्यांना कायम करायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

"हुशार आहेत," मी म्हणालो, "पण तणनाशकाचा पंप न धुता आणला. निष्काळजी आहेत."

कांबळ्यांना मी काही विचारलं नव्हतं. मला तसं वाटलं, एवढंच. जागा दुसऱ्याला मिळाली. कांबळे इस्लापूरकडे एका खासगी शाळेत गेले.

*

बऱ्याच वर्षांनी चाकूरला लग्नाला गेलो होतो. कांबळ्यांचे वडील भेटले, आग्रहानं घरी घेऊन गेले. चहा पिता पिता मी विचारलं, "आबा, तो पंप..."

"त्यो व्हय? हाय की!" त्यांनी खुंटीवरचा पंप काढला. "शेतातल्या पंपात तणनाशक असतंय, सरांची झाडं जळतेल म्हणून लेकरानं नवा आणला. नंतर कुणी न्हाई वापरला."

मी झाकण उघडून वास घेतला. नुसता प्लॅस्टिकचा वास होता.

"साखर कमी झाली का, सर?" माझा अर्धा राहिलेला कप बघून आबांनी विचारलं.