नाना अज्येमानांची जिंकण्याची भीती

नाना अज्येमानांना पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांची बायको सेरवा सोडली तर गावात कुणालाच ठाऊक नव्हती. बोसुमत्वी तळ्याच्या देवाला होडी खपत नाही, म्हणून इथला कोळी लाकडाच्या फळीवर पालथा पडतो आणि हातांनी पाणी सारत मासे धरायला जातो. नानांचं अर्धं आयुष्य असं पालथं गेलेलं. दंड खांबासारखे, पाय मात्र नुसते सोबतीला. फळीवरून पाण्यात उतरायची वेळच कधी आली नव्हती. सणाची फळीशर्यत नानांशिवाय कुणी जिंकल्याचं तळ्यातल्या माशांनाही आठवत नसेल.

यंदा शाळेच्या अमानक्वा मास्तरांनी घोळ घातला. पोरांना पोहायची गोडी लागावी म्हणून त्यांनी जाहीर केलं, "जो जिंकेल त्यानं पाण्यातल्या शेवटच्या खांबापाशी फळी सोडायची आणि पोहत काठाला यायचं!"

टाळ्या पडल्या. नानांनीही वाजवल्या, न वाजवाव्यात तर कारण काय सांगायचं?

त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. उकडून कुटलेल्या कंदाच्या फुफूचा गोळा रश्श्यात बुडाला की ते त्याच्याकडे टक लावून बसायचे.

"सांगून टाका मास्तरांना," सेरवा म्हणाली.

"काय सांगू? कोळ्यांचा म्होरक्या बुडतो म्हणून?"

"मग हरा."

"दरवर्षी माझ्या मागे राहणाऱ्या त्या पोरसवदा याव दाबोकडून? त्यापेक्षा बुडतो!"

शर्यतीच्या सकाळी मात्र त्यांनी निमूटपणे हरायचं ठरवलं. पण ढोल वाजला आणि हात आपले सवयीनं सुटले. सगळे मागे पडले, उरला एकटा दाबो. खांब अगदी जवळ आला तेव्हा नानांना पुढचं पोहणं आठवलं. त्यांनी हात सैल सोडले. बघतात तर दाबोही थांबलेला.

"हो की रे पुढे!"

"छे नाना, तुमच्यापुढे मी? माणसं काय म्हणतील!"

"यंदा तुझा मान."

"मान मोठ्यांचाच असतो, नाना."

काठावरचे ढोल गोंधळून गप्प झाले. नानांनी दाबोकडे नीट पाहिलं. चेहरा राखेसारखा, बोटं फळीत रुतलेली.

"तुलाही येत नाही?"

"हळू बोला! आमच्या घरीसुद्धा माहीत नाही."

तेवढ्यात वारा सुटला आणि नानांची फळी खांबावर जाऊन आदळली. काठावर एकच गलका झाला, "उतरा! उतरा!"

नाना डोळे मिटून घसरले. पाय तळ शोधत राहिले, तळ सापडेना. नाकातोंडात पाणी गेलं. एवढ्यात दाबोची फळी त्यांच्या कुशीला खेटली.

"एका हातानं माझी फळी खालून धरा, दुसरा पाण्यात मारा," दाबो कुजबुजला. " मी मानानं पोचवतोय असं वाटेल."

अशी ती वरात काठाला लागली. चिखल पायाला लागला तेव्हा नानांना तो घट्ट कवटाळावासा वाटला.

मास्तर धावत आले. "नाना, ही एका हाताची कुठली पद्धत?"

"जुनी आहे," नाना धापा टाकत म्हणाले.

"ऐका रे पोरांनो!" मास्तर ओरडले. "उद्यापासून नाना तुम्हाला पोहायला शिकवणार!"

नानांनी घाईघाईनं दाबोला शोधलं. तो फळी काखेत मारून केव्हाच घराच्या वाटेला लागला होता, आणि नाना कितीही ओरडले तरी मागे वळून पाहत नव्हता.