दुर्गाबाईचा तिसरा पुकारा

अमरावती आणि अकोला यांच्यामधल्या काळ्या रानात आमचं तालुक्याचं गाव आहे. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं अजून नोकरीत आहेत, आणि वऱ्हाडी माणसाला नाव न घेताही बोट दाखवता येतं.

या गावच्या तहसील कचेरीत दुर्गाबाई गवई शिपाई आहे. आधी तिचा नवरा धर्मपाल त्याच जागेवर होता. तो काविळीनं गेला आणि अनुकंपेवर दुर्गाबाई लागली. पाणी भरायचं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, आणि दाव्याच्या दिवशी पुकारा द्यायचा, असं तिचं काम.

पुकारा म्हणजे काय, हे जो कचेरीची पायरी चढला नाही त्याला सांगावं लागेल. शेतरस्त्याचे दावे तहसीलदारासमोर चालतात. दावा निघाला की शिपायानं माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. तीनदा घेऊनही माणूस आला नाही तर दावा काढून टाकतात. दारात उभं राहून एका दमात तीनदा नाव घेतलं तरी कायद्याचं भागतं. पण आमच्या कचेरीची रीत वेगळी होती. पहिला पुकारा साहेबाच्या दालनाच्या दारातून. दुसरा अंगणातल्या कडुनिंबाखालून. तिसरा एसटी स्टँडकडे तोंड करून फाटकातून. खेड्यातला माणूस कचेरीत बसत नाही, तो सावलीत बसतो, हे ज्या कोणी ही रीत घातली त्याला ठाऊक असावं. धर्मपालनं ती दुर्गाबाईला घरी बोलताबोलता सांगितली होती, आणि तिनं तीत आपली एक भर घातली. ती कोणाचंही नाव उघडं घेत नसे. बाईला बाई, पुरुषाला राव. मग तो दोनशे एकरांचा धनी असो की सालदार. एक म्हातारा सालदार एकदा हात जोडून म्हणाला होता, "अजून एक डाव म्हना ना बाई. बायको भाईर हाय, तिले आयकू द्या."

आवाज तिचा खणखणीत नव्हता. जाडा होता, जमिनीलगत चालणारा. पण वाऱ्याच्या उलट दिशेलाही पोचायचा.

मग मे महिना आला, आणि सीमेवर लढाई पेटली.

लढाई हजार कोसांवर होती. आमच्याकडे ऊन होतं. तरी तिची झळ कचेरीला लागलीच. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. नियंत्रण कक्ष उघडला, म्हणजे भूमी अभिलेखाच्या खोलीत दोन खाटा आणि एक टेलिफोन आला. दवाखान्यात खाटा किती, पेट्रोल पंपावर साठा किती, भोंगा कुठं आहे, असली विचारणा वरून दिवसरात्र येऊ लागली. आणि नेमक्या त्याच दिवसांत कचेरी सुधारायची मोहीमही अंगावर होती. तिची मुदत काही लढाईसाठी थांबणार नव्हती. उलट वरून बजावण्यात आलं की अशा वेळी तर जनतेची कामं अधिक झपाट्यानं झाली पाहिजेत. जुनी कपाटं गेली. भिंतींना रंग लागला. दालनाबाहेर मोठा पडदा बसला, टीव्हीसारखा. त्यावर दाव्याचा नंबर उजळे, तीनदा लुकलुके आणि जाई. पुकारा बंद झाला.

समोरच्या चहाच्या टपरीवरचा शेषराव म्हणे, "तिकडं ड्रोन आले, इकडं टोकन आले. आपुन दोन्हीकडून मेलो."

दुर्गाबाईला स्टूल देऊन पडद्याखाली बसवलं. पहिल्या आठवड्यात सवयीनं तिनं एकदा पुकारा दिलाच, तेव्हा कारकून अमोलनं तिला बाजूला घेतलं. अमोल चांगला मुलगा, अचलपूरकडचा. पण कामानं पिळून निघालेला.

"मावशी, वरून लोक पाहाले येऊन राहिले. मोबाइलवर फोटो काढते. तुमी असं ओरडसान तं माह्यावर येईन."

"बरं बाप्पा," दुर्गाबाई म्हणाली. "आता रिटायर होयाले कितीक उरलं? बसतो गुमान."

आणि ती बसली. खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. गुडघे दुखत होते. फाटकापर्यंत जाणं-येणं उन्हात जीवावर येई.

आता सुभद्रेचं सांगतो, कारण दावा तिचा होता.

सुभद्रा टाले ही जवळच्या खेड्यातली विधवा बाई. काळीभोर, कसदार जमीन आहे. पण शेतात जायची वाट चुलत दीर खुशालराव टाले यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाते. वाट आजोबांपासूनची. मागच्या दिवाळीनंतर खुशालरावांनी तिथं चर खणला आणि वर बाभळीच्या काट्या टाकल्या. माणूस वाकून जाईल, पण बैलबंडी नाही, ट्रॅक्टर नाही. मृग तोंडावर आला होता. मशागत झालेली नव्हती, बी न्यायला वाट नव्हती. या तारखेला दावा बुडाला तर वर्ष बुडालं, इतकं ते सरळ होतं. तिचा एकुलता एक मुलगा गोपाल फौजेत. कुठं होता, हे त्यालाही सांगायची परवानगी नव्हती. लढाई सुरू झाल्यापासून त्याचा फोन आला नव्हता.

सुभद्रा मुलीच्या बाळंतपणाला अकोल्यात होती. तारखेच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघून ती वेळेत कचेरीत पोचली. हे लक्षात ठेवावं, की बाई वेळेत आली होती. आत गेली, पडदा पाहिला, त्यावर आकडे चाललेले दिसले. तिला वाटलं बातम्या असतील. लढाईचे दिवस, सगळीकडे टीव्ही चालूच होते. आणि भिंतींच्या आत फोनला रेंज नव्हती. गोपालचा फोन आला आणि लागला नाही तर? म्हणून ती बाहेर पडली, फाटकाजवळच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून सावलीत बसली, मोबाइल हातात धरून. नाव घेतील तेव्हा जाऊ. नाव घेतल्याशिवाय साहेबापुढं जायचं नसतं, हे तिला नवऱ्याच्या वेळेपासून माहीत होतं.

खुशालराव आत बसले होते, पांढरीशुभ्र टोपी मांडीवर ठेवून. त्यांच्या मुलानं त्यांना नंबर पाहायला शिकवलं होतं.

नंबर उजळला, तीनदा लुकलुकला आणि गेला.

दुर्गाबाई साहेबाचं पाणी घेऊन आत गेली होती. तहसीलदार ललितसाहेब कोवळे होते, तिशीतले. दोन रात्री नियंत्रण कक्षातल्या खाटेवर काढलेल्या. डोळे लाल, दाढी वाढलेली. समोर दाव्यांचा ढीग, बाजूला किणकिणणारा फोन. अमोल संगणकावरून वाचत होता. निकालाची वाक्यं आता यंत्रात आधीच भरलेली असतात, फक्त नाव घालायचं.

"वादीचा तीन वेळा पुकारा केला असता वादी गैरहजर. सबब दावा काढून टाकण्यात येत आहे."

खुशालरावांनी टोपी डोक्यावर घातली.

दुर्गाबाईनं ग्लास टेबलावर ठेवला. ती जाऊ शकली असती. तिनं मला पुढं सांगितलं, की तिचे पाय दाराकडं वळलेही होते.

"सायेब," ती म्हणाली, "पुकारा झाला नाई."

अमोलनं मान खाली घातली. खुशालराव म्हणाले, "काऊन नाई झाला? टीव्हीवर तीनदा आलं नं. म्या सोता पायलं."

"आकडा आला, भाऊ. बाईचं नाव नाई आलं."

"आता काय घरी जाऊन आवतन देता काय तिले? हळदीकुंकू हाय का?"

"मावशी, ते वाक्य तसंच असते," अमोल हळूच म्हणाला. "सगळ्याले तेच."

"असन बाप्पा. पन लिवलं हाय दुर्गानं पुकारा केला म्हनून. म्या तं केला नाई."

साहेबांनी डोळे चोळले. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. सगळंच कळत होतं, आणि कळण्यानंच माणूस जास्त दमतो. फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही.

"द्या पुकारा," ते म्हणाले. "लवकर द्या."

दुर्गाबाईनं दारातून पहिला पुकारा दिला. "सुभद्राबाई वासुदेवराव टाले, हाजिर हाय काय हो?" कोणी उठलं नाही. ती पायऱ्या उतरली, गुडघ्यावर हात ठेवत कडुनिंबाखाली आली आणि दुसरा दिला. निंबाखालच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण म्हणाला, "बंद झाल्ता नं हे?" सुभद्रा तिथं नव्हती.

मग ती फाटकाशी आली. तोंड उघडणार, तोच तिला भिंतीच्या सावलीत एक बाई दिसली. मोबाइल कानाला घट्ट धरलेला, दुसरा कान पदरानं झाकलेला. बाई बोलत होती.

"जेवलास काय रे? ... नाई, आवाज तुटून राह्यला. ... मी मस्त हावो. ताईले पोरगी झाली. ... हो रे, गोरी हाय. ..."

दुर्गाबाई थांबली. हीच ती, हे तिला सांगावं लागलं नाही. दाव्यातल्या बाईचा मुलगा फौजेत आहे, हे कचेरीत तिच्या कानावर आलं होतं. बाईच्या तोंडावर जे होतं ते तिनं फौजी पोरांच्या आयांच्या तोंडावर त्या दिवसांत पुष्कळदा पाहिलं होतं. पण आता नाव घेतलं तर बाई दचकेल, फोन ठेवेल. पुन्हा कधी लागेल, लागेल की नाही, कोण जाणे. आणि नाव घेतलं नाही तर आत साहेब थांबतील किती?

आतून खुशालरावांचा आवाज आला. "झाला का नाई पुकारा? का बाई अकोल्याले गेली तिले आनाले?"

दुर्गाबाईनं मागं वळून फक्त हात वर केला. थांबा, अशा अर्थाचा. सरकारी कचेरीत शिपायानं तहसीलदाराला हातानं थांबवलेलं मी तरी पुन्हा ऐकलं नाही.

पलीकडून मुलानं काहीतरी विचारलं असावं. सुभद्रा मग हसल्यासारखं करून म्हणाली, "वाट? भेटली रे. आजच सायेबानं देली. तू कायले चिंता करतं? ... हो. हो. काट्या काढल्या भाऊजीनं सोताच. ... हालू, हालू?"

फोन तुटला. ती तशीच कानाला धरून राहिली.

तेव्हा दुर्गाबाईनं तिसरा पुकारा दिला. अगदी जवळून, हळू आवाजात, समोरच्या बाईला ऐकू जाईल एवढ्याच.

"सुभद्राबाई वासुदेवराव टाले, हाजिर हाय काय हो?"

"हाय वं माय," सुभद्रा उठत म्हणाली. "मले कोनं बलावलंच नाई. कवाची बसून हावो मी."

"चाला. तुमचा दावा कागदावर मरून पुन्ना जित्ता झाला."

"मी पोराले खोटं सांगतलं," सुभद्रा चालता चालता म्हणाली. "तो तिकडं बंदूक घेऊन, अन् डोक्यात वावराची वाट. म्हनून सांगतलं. आता भेटाच लागते मले थे वाट."

पायऱ्या चढताना दोघींनी एकमेकींचा दंड धरला होता, एवढं अमोलनं पाहिलं.

आत जे झालं ते फार मोठं नव्हतं. साहेबांनी नकाशा पाहिला. खुशालराव म्हणाले, वाट कधी नव्हतीच. सुभद्रा म्हणाली, "भाऊजी, याच वाटेनं तुमची वरात आली नं? मी नवी सून होतो, बंडीत मीच बसली होतो करवली म्हनून." यावर खुशालराव चिडले, "वरातीचं काय घेऊन बसली वैनी, कोर्टात हाव आपुन." पण वरात आली नाही असं त्यांना म्हणता येईना. साहेबांच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांनी तोंडी सांगितलं, अमोलनं टाइप केलं. निकाल लागेपर्यंत वाट अडवू नये, चर बुजवावा, मंडळ अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन पाहून यावं. पुढची तारीख नंतर कळवू. एवढं बोलून साहेबांनी वाजणारा फोन उचलला.

दोन दिवसांनी लढाई थांबली. नियंत्रण कक्षातल्या खाटा गेल्या. साहेबांची बदली चिखलदऱ्याकडे झाली. ती शिक्षा होती की नियमाप्रमाणे, हे कोणाला माहीत नाही, आणि चहाच्या टपरीवर मात्र सगळ्यांना माहीत आहे. पडदा राहिला. आता तो नंबर बोलूनही दाखवतो, एका शहरी पोरीच्या आवाजात. दुर्गाबाईला अभिलेख कक्षात टाकलं. तिथं धूळ आहे, पण गुडघ्यांना आराम आहे. तिला विचारलं, की बाई, वाईट वाटतं का. ती म्हणाली, "कायचं वाईट? चार गठ्ठे इकडचे तिकडं करतो, घरी जातो. थकलो आता, बाप्पा."

खुशालरावांनी चर बुजवला. बुजवताना अर्धाच बुजवला. उरलेला सुभद्रेनं मजूर लावून भरला. मृगाची पेरणी झाली.

मंडळ अधिकारी जागा पाहायला अजून आलेला नाही. दाव्याची तारीख पोळ्याला पडली, मग दसऱ्याला, मग थंडीत. दर तारखेला सुभद्रा येते आणि पडद्याकडे पाहत बसते. आकडे आता तिला ओळखता येतात. मुलाचा फोन रविवारी येतो. तो विचारतो, "खुशालकाका काई म्हनते काय वाटेवरून?" ती म्हणते, "नाई रे, थे तं मे मैन्यातच निपटलं." आणि पुढच्या तारखेची एसटी किती वाजता आहे, ते शेजारणीला विचारायला जाते.