बत्तीस पायऱ्या आणि लिबोरिओकाकांची घंटा

लिबोरिओकाका गवंडी होते, पण गावात त्यांचा मान होता तो हातातल्या घंटेमुळे. ऑगस्टात संत रोकोची मिरवणूक निघाली की मूर्तीपुढे चालत, ती खांद्यावर वाहणाऱ्या आम्हा चाळीस जणांना इशारे द्यायचं काम तेवीस वर्षं त्यांच्याकडे होतं. दोन टोले म्हणजे उचला आणि चला, एक म्हणजे थांबा.

त्या वर्षी सकाळी त्यांची बायको नुन्झिआताकाकू मला चर्चच्या मागे घेऊन गेली. मी मूर्तीच्या पुढच्या दांडीला खांदा द्यायचो.

"ह्यांना डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही आता. उजव्यानं नुसतं धुरकट. कुणाला बोलशील तर बघ!"

"अगं काकू, आणि उतारावरच्या पायऱ्या?"

"नवस आहे म्हणून अनवाणी चालणार आहे मी त्यांच्या शेजारी. हळूच मोजत राहीन."

बत्तीस उभ्या पायऱ्या, गुळगुळीत दगडाच्या, आणि खांद्यावर टनभर लाकूड. दांडीखालून आम्हाला पायऱ्या दिसत नाहीत, त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचं; ते चुकले तर पुढचे आठ जण मूर्तीखाली गेलेच.

चौकापर्यंत सगळं नीट झालं. बायका बाल्कनीतून फुलं टाकत होत्या, बँड वाजत होता. माझं लक्ष मात्र काकांकडे वळलेल्या काकूच्या ओठांकडे. पायऱ्या सुरू झाल्या. सात, आठ, नऊ... काका ताठ मानेनं उतरत होते.

एवढ्यात गच्चीवरून फटाक्यांची माळ सुटली. काकूचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येईना. काकांचा पाय हवेतच थबकला.

टण्ण! एकच टोला.

पायऱ्यांच्या मधोमध मिरवणूक कधीच थांबली नव्हती. मागच्या दांडीवरचा साव्हेरिओ ओरडला, "काका, झोप लागली का? मान मोडतेय इथं!"

काका आमच्याकडे वळले. "साव्हेरिओ, मला दिसत नाही रे," ते मोठ्यानं म्हणाले. "वर्ष झालं. लपवलं मी. ही मोजते म्हणून उतरतोय."

दांडीवरचे माझे हात घामानं घसरत होते.

"मग काकूला मोजू दे की मोठ्यानं!" साव्हेरिओच पुन्हा ओरडला. "पण लवकर, मरतोय आम्ही!"

काकांनी दोन टोले दिले. काकूचा आवाज तसा चिरका, पण त्या दिवशी पार खालच्या कारंज्यापर्यंत पोचला. "अठरा! एकोणीस! इथं दगड निसटलाय, डावीकडून!" एकेका आकड्याला आम्ही चाळीस जण एकेक पाऊल टाकत होतो. "बत्तीस!" म्हणताना तिला रडू फुटलं.

मूर्ती टेकवली तेव्हा माझ्या खांद्याची सालटी निघाली होती. काकांनी घंटा साव्हेरिओच्या हातात ठेवली. तो नको नको म्हणत होता.

"घे रे बाबा," काका म्हणाले. "वर्षभर झोप नाही मला."

मग ते कारंज्याच्या कठड्यावर बसले आणि काकूच्या पायांचे सोललेले तळवे मांडीवर घेऊन पाण्यानं धुवायला लागले.