ताईने मोजलेले अकरा सेकंद

माझी थोरली बहीण, ताई, औषधांच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. अठ्ठावीस वर्षं एकच खुर्ची आणि कानाला हेडफोन. समोरच्याने नुसता घसा खाकरला तरी ती नाव सांगायची, म्हणून ऑफिसात तिला ‘कानसेन’ म्हणत. मी शाळेत मास्तर; घरी ती माझ्या कानांची थट्टा करायची. "मास्तर, वर्गात पोरं तुझी नक्कल करत असतील, तुला पत्ता नसेल!"

आमचे वडील पन्नाशीत ठार बहिरे झाले. नंतर जेवताना ते आमच्या ओठांकडे बघत राहायचे. ताईला आयुष्यात भीती वाटली ती एवढ्याच एका गोष्टीची. हे घडलं तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती.

त्या वर्षी ऑफिसचं आणि नदीपलीकडच्या गोदामाचं टेलिफोन एक्स्चेंज नव्या डिजिटल लाईनने जोडलं. आवाज स्वच्छ यायचा, पण मध्येच ‘टक्’ व्हायचं आणि एखादा शब्द गायब. बाकीचे दोन वाक्यं बोलून फोन ठेवत. ताई दिवसभर त्याच लाईनवर. तिने तक्रार केली. तंत्रज्ञ दोनदा येऊन केबल बदलून गेला, कार्ड बदलून गेला. "सगळे दिवे हिरवे आहेत, बाई."

मग एका सकाळी गोदामाच्या कारकुनाने कळवलं, "लशी आज पाठवायच्या नाहीत." तिथली शीतखोली बंद पडली होती. ताईला ऐकू आलं, "लशी आज पाठवायच्या." शिरस्त्याप्रमाणे तिने उलट विचारलं, "आज पाठवायच्या?" कारकुनाला वाटलं, तिचंही ‘नाहीत’ लाईनने गिळलं. "हो हो, तेच," म्हणून त्याने फोन ठेवला. ताईने निरोप पुढे दिला; ऑफिसातून गेलेली चार पेट्या लस दुपारभर गोदामाच्या दारात तापली आणि फेकून द्यावी लागली.

साहेब चांगले होते, म्हणून जास्त लागलं. "वय कुणाला चुकलंय, बाई? सोमवारी कान तपासून घ्या. मग रेकॉर्ड विभागात बसा, निवांत."

त्या संध्याकाळी ताईने मला दाराआड उभं करून हळू आवाजात आकडे वाचायला लावले. तिने एकूण एक बरोबर सांगितले. "तुझं काय," ती म्हणाली, "तुझा आवाज बहिऱ्यालाही ऐकू जातो." पण ती हसली नाही.

शुक्रवारी तंत्रज्ञ तिसऱ्यांदा आला, आणि काही न सापडून पिशवी आवरू लागला. ताईने त्याच्यापुढे वही ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिने प्रत्येक ‘टक्’ची वेळ टिपली होती.

"दर अकरा सेकंदांनी होतं."

"कायम अकराच?"

"कान गेलेत म्हणतात. डोळे आहेत अजून."

त्याने पिशवी खाली ठेवली, तिचा हेडफोन लावला आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. चार वेळा ‘टक्’ झालं. "केबलचा दोष असा वेळ पाळत नाही," तो म्हणाला. "दोन्ही एक्स्चेंज आपापल्या आतल्या घड्याळावर चालतायत. केसाएवढा फरक साठत जातो आणि अकराव्या सेकंदाला जोडणी निसटते. एकाने दुसऱ्याचं घड्याळ मानायला हवं. इथे दोघंही मालक."

"आमच्या ऑफिसच्या आणि गोदामाच्या साहेबांसारखं."

त्याने गोदामाचं एक्स्चेंज ऑफिसच्या घड्याळाला बांधलं. ताई हेडफोन लावून दहा मिनिटं बसली. कारकून तिकडून वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. एकही शब्द तुटला नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. ताई एवढंच म्हणाली, "माझे कान वाचले. त्या लशी कुणाच्या तरी लेकरांच्या होत्या."

लाईन पुन्हा कधी बिघडली नाही. तरी निवृत्त होईपर्यंत ताई प्रत्येक निरोपातला नकार आधी म्हणायची: "नाही. पाठवायच्या नाहीत. नाही." तीच सवय तिच्याबरोबर घरी आली. आजही मी चहा घेऊन गेलो की ती माझ्याकडे वळून आधी म्हणते, "नको," आणि मग थांबून, नीट, "चहा नको." मी ऐकलं अशी मान हलवेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहते.